‘बाहेरचं खाल्लंस ना?’
२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात घराघरांत एकच विषय होता, जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, रोज बातम्यांत आपल्याच आसपासची नावं. व्हॉट्सअॅपवर सकाळी पनीर बंद, संध्याकाळी चिकन बंद. आपण सगळेच ते मेसेज पुढे पाठवत होतो. खरं-खोटं बघायला वेळ होता कुणाकडे?

घरातली तयारी त्या मानाने सोपी. पाणी खळखळून उकळायचं, झाकून गार करायचं, पिंपात पेला बुडवायचा नाही. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू सापडले होते. ते उकळीत मरतात. चिकनही पूर्ण शिजवलं की भीती नाही. पण चिकन कापलेल्या सुरीनेच घाईत काकडी चिरली जाते ना, तिथे सांभाळायचं. आणि हो, शाळेच्या बाटलीच्या झाकणातली रबरी चकती कधीतरी काढून बघा. मी बघितली, पुढचं विचारू नका.

अवघड असतं ते पोरांचं मन. टीव्हीवर ‘पाय लुळे पडतात’ एवढंच त्यांच्या कानावर पडतं. मग मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या आल्या तरी, ‘आई, मला जीबीएस झाला का?’ आपण म्हणतो, ‘काहीतरीच काय! गप जेव.’ कारण आपल्याही पोटात गोळा आलेला असतो. त्यापेक्षा खरं सांगितलेलं त्यांना झेपतं. जंतूशी लढताना कधीकधी शरीराचा गोंधळ होतो आणि ते स्वतःच्याच नसांवर उलटतं. फार थोड्यांना होतं. बहुतेक जण बरे होतात, वेळ मात्र लागतो. शेजारी बसल्याने हा आजार लागत नाही, हेही सांगा. नाहीतर दवाखान्यातून परतलेल्या मित्राच्या बाकावर कुणी बसत नाही.

आता आपल्या सगळ्यांची एक खोड. पोरगं म्हणालं ‘पोट दुखतंय’, की आपला पहिला प्रश्न, ‘बाहेरचं खाल्लंस ना?’ काळजीच असते ती, पण त्याला ऐकू येतो ओरडा. पुढच्या वेळी जुलाब झाले तरी ते सांगत नाही. मोठ्या मुलांना तर त्या शब्दाचीच लाज. एरवी चालून जातं, अशा साथीत नाही. कारण पायांतली अशक्तता बऱ्याचदा जुलाबानंतर काही दिवसांनी, काही आठवड्यांनी येते. डॉक्टर विचारणार, ‘मध्यंतरी पोट बिघडलं होतं का?’ आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघणार.

म्हणून अशी साथ चालू असेपर्यंत घरात माफी जाहीर करून टाका. पाणीपुरी खाल्ली, कुणाच्या बाटलीतलं पाणी प्यायलं, काहीही असो. सांगितलं तर ओरडा नाही. पोट बिघडलं तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यानंतर जिना चढताना पाय लटपटले, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागला, मुंग्या जाईचनात, घास गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर ‘खेळून दमला असेल, उद्या बघू’ नको. त्याच दिवशी दवाखाना.

आणि पाणीपुरीवरून रागवायचंच असेल, तर साथ ओसरल्यावर रागवा. तोवर बहुधा आपण विसरलेलो असू.