टपावरचे ओझे

पन्हाळगडाहून पावनखिंडीकडे जाणारी वाट महाराष्ट्रातील मुलांना सांगावी लागत नाही. १६६० सालच्या जुलै महिन्यात, भर पावसात, शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा भेदून याच वाटेने विशाळगडाकडे निघाले. आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी प्राणांचे मोल देऊन खिंड रोखून धरली. त्या पराक्रमाचे स्मरण म्हणून दरवर्षी जुलैत कितीतरी लोक ही वाट पायी चालतात. मी सातवीत असताना कोल्हापूरच्या आमच्या शाळेतील मुलांनाही ती संधी लाभली. प्रत्येकाच्या पाठीवर फक्त एक लहान पिशवी असावयाची. राहुट्या, भांडी, शिधा हे बाकीचे सामान जीपगाडीने सडकेच्या मार्गाने मुक्कामावर पोहोचावयाचे, असे ठरले.

सामान भरण्याचे काम गुरुजींनी आम्हा चौघांवर सोपवले. जीपच्या टपावर लोखंडी गजांचे कॅरिअर होते. त्याला चारी बाजूंनी वीतभर उंचीचा कठडा होता आणि मागे चढण्यासाठी शिडी होती. पन्हाळ्यापर्यंत आम्ही चौघे जीपमधूनच जाणार होतो. तेव्हा आत ऐसपैस बसता यावे म्हणून आम्ही सारे सामान टपावर चढवले. जे आधी हाती आले ते आधी वर गेले! राहुट्या व औषधांची पेटी तळाशी गेली, त्यांवर अंथरुणांच्या वळकट्या, आणि सर्वांत वर, मागच्या बाजूला, पितळी पातेली व तांदळाचे पोते. मग दोरीचे चार वेढे देऊन आम्ही गाठीवर गाठी मारल्या आणि स्वतःवर खूश होऊन खाली उतरलो. चालक अगदी निघण्याच्या वेळी आले. त्यांना आम्ही मामा म्हणत असू.

शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली, तोवर सर्व ठीक होते. पुढे रस्त्याला वळण आले आणि गाडी एका अंगाला कलली. आमच्या पोटात गोळा उठला. वर काहीतरी घरंगळल्याचा आवाज झाला. मामांनी वेग कमी केला व केर्लीजवळ रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. ते शिडीवर चढले, सामानावरून एकवार नजर फिरवली आणि म्हणाले, "पोरांनो, गाडी उलाळ झालीया. पुढं वाघबिळाचा घाट हाय. उतरवा समदं खाली!"

आम्ही ओशाळलो. पण मामा रागावले नाहीत. त्यांचे वडील गाडीवान होते. ते म्हणाले, "बैलगाडीत भार मागं गेला की जू वर उचलतं, आन् बैलाच्या गळ्याला फास बसतो. भार पुढं गेला की त्येच जू मानंवर रुततं. म्हणून भार आसावर पायजे. मोटारीला बैल न्हाईत, पर आस हाईत की!"

मुलांनो, मामांच्या या बोलण्यात विज्ञानाचे एक मोठे तत्त्व दडलेले आहे. प्रत्येक वस्तूचे सारे वजन जणू एका बिंदूत एकवटलेले असते. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. हा बिंदू जितका खाली, तितकी वस्तू स्थिर. जितका वर, तितकी ती कलंडण्याची भीती अधिक. टपावर जड ओझे चढवले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि जे वळण एरवी सहज घेता आले असते तेच धोक्याचे होते. शिवाय सारा भार मागे गेला, तर पुढच्या चाकांवरचा दाब कमी होतो व गाडी हवी तशी वळत नाही. म्हणूनच टपावर किती वजन ठेवावे याची मर्यादा गाडी बनवणारेच ठरवून देतात. ती ओलांडणे म्हणजे आतील माणसांच्या जिवाशी खेळणे होय.

आम्ही नव्याने सामान भरू लागलो. तांदळाचे पोते आणि पितळी पातेली टपावरून उतरून गाडीच्या तळाशी, आसनांच्या पायथ्याशी घट्ट बसवली. आम्हाला पाय आखडून बसावे लागले, पण त्याला इलाज नव्हता. टपावर हलके तेवढेच ठेवायचे, असा मामांचा दंडक होता. राहुट्यांचे खांब लांबीच्या दिशेने मधोमध आडवे टाकले व त्यांच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या वळकट्या रचल्या. रॉकेलचा डबा तांदळापासून दूर, गाडीच्या मागील लोखंडी चौकटीत उभा बांधला. कारण धान्याला एकदा रॉकेलचा वास लागला की तो जात नाही.

यानंतर मामांनी विचारले, "मुक्कामाला गेल्यावर पयलं काय लागंल?" आम्ही विचार करून सांगितले, "ताडपत्री, कंदील आणि औषधांची पेटी." "मग ते शेवटी भरा. शेवटी भरलेलं पयलं निघतं." त्याप्रमाणे त्या वस्तू अगदी वर, शिडीजवळ ठेवल्या, आणि कोणती वस्तू कोठे आहे हे आम्ही एका कागदावर लिहून घेतले. मोठ्या ताडपत्रीने सारे झाकताना मामांनी तिची पुढची कड सामानाखाली दुमडली व मोकळी कड मागे ठेवली. मोकळी कड पुढे राहिली, तर धावत्या गाडीचा वारा आत शिरून ताडपत्री शिडासारखी फुगते.

शेवटी पाळी आली दोरीची. आम्ही मारलेल्या निरगाठी सोडवताना नखे दुखावली होती. मामा हसून म्हणाले, "गाठ कशी पायजे? घाटात सुटू नये, आन् मुक्कामाला अडू नये." त्यांनी दोर कठड्याच्या गजाखालून ओढून चांगला ताणला व शेवटी सुरगाठ मारली. ती ओझ्याच्या ताणाने अधिकच आवळे. मात्र टोक ओढताच सुटे. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर त्यांनी पुन्हा गाडी थांबवून दोर चाचपला. हादऱ्यांनी सामान खाली बसते व दोर सैल पडतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

घाट निर्विघ्न पार पडला. पन्हाळ्याला आम्ही उतरलो व इतरांबरोबर चालू लागलो. मसाई पठारावर धुके आणि पाऊस यांनी आम्हाला वेढले. निसरड्या दगडावरून पाय घसरून आमच्या एका सोबत्याच्या गुडघ्याला खोल जखम झाली. रुमालाने ती बांधून, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून तो कसाबसा करपेवाडीला पोहोचला, तेव्हा अंधार पडला होता. रुमाल रक्ताने भिजला होता. पाऊस कोसळत होता. जीप तेथे उभीच होती.

मी शिडी चढलो. दिवा नव्हता, पण दिव्याची गरजही भासली नाही. सुरगाठीचे टोक ओढले, ताडपत्रीची कड वर केली आणि हात नेमका औषधांच्या पेटीवर पडला. ती कोरडी होती. गुरुजींनी कंदिलाच्या उजेडात जखम धुऊन पट्टी बांधली. तीच पेटी सकाळी आम्ही सर्वांत तळाशी टाकली होती, या आठवणीने माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

सामान रचणे हे अनेकांना हलके काम वाटते. पण ज्याने ओझे नीट बांधले, त्याने आपल्या सोबत्यांचा विचार आधीच केलेला असतो. त्या दिवसापासून कोठेही जाण्यापूर्वी मी मामांचाच प्रश्न स्वतःला विचारतो : मुक्कामाला गेल्यावर पहिले काय लागेल?

शब्दार्थ
उलाळ : मागे भार जास्त झाल्याने पुढून उचललेली (गाडी)
आस : ज्यावर चाके फिरतात तो दांडा
शिधा : स्वयंपाकाचे कोरडे सामान
निरगाठ : सहज न सुटणारी गाठ
सुरगाठ : टोक ओढताच सुटणारी गाठ

स्वाध्याय
१. केर्लीजवळ मामांनी गाडी का थांबवली?
२. 'भार आसावर पायजे' हे मामांचे म्हणणे तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. ताडपत्रीची मोकळी कड मागे का ठेवावी?
४. 'शेवटी भरलेलं पयलं निघतं' हा नियम तुमच्या दप्तराला कसा लागू पडतो ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. मामांच्या तोंडची वाक्ये प्रमाण भाषेत लिहा.

करून पाहा : दोन सारखे उंच, रिकामे डबे घ्या. एकाच्या तळाशी व दुसऱ्याच्या माथ्याशी सारख्या वजनाचा दगड घट्ट बांधा. दोन्ही डबे एका फळीवर उभे करा व फळी हळूहळू एका बाजूने उचला. कोणता डबा आधी कलंडतो? का?