कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड दिसत नाही तेव्हा

गेल्या लग्नसराईत धर्माबादच्या एका व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानातून आम्हाला बोलावणे आले. दोन लग्नांचे शूटिंग हाती होते, दोघांकडून ॲडव्हान्स घेतलेला होता आणि सकाळपासून पडदा काळा होता. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली की चित्र येई. पण मिक्सिंगचे सॉफ्टवेअर 'कार्ड नाही' म्हणून सांगे. कोणीतरी ठामपणे सांगून गेले होते की मदरबोर्डही गेला आणि कार्डही गेले, आता सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून दोन्ही नवीन आणा. मालक देवगिरी एक्सप्रेसने निघण्याच्या बेतात होते. दुकान मिरचीच्या गाड्यांच्या रस्त्यावर, कॅबिनेट जमिनीवर. आम्ही झाकण उघडले तर आत तांबूस, चिकट धूळ बसलेली. कार्ड काढले, त्याची सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने पुसली, स्लॉटमधील धूळ ब्लोअरने उडवली, कार्ड पुन्हा बसवले. कार्ड दिसू लागले.

हा किस्सा आमची हुशारी सांगण्यासाठी दिलेला नाही. खोडरबराच्या कामासाठी एक कारागीर हजारो रुपये घेऊन गाडीत बसणार होता, ही गोष्ट आम्हाला खटकली. म्हणून तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे येथे देत आहोत. आधी फुकटची तपासणी, मग स्वस्तातली आणि खरेदी सर्वांत शेवटी.

सर्वप्रथम मॉनिटरची केबल कोठे लावली आहे ते पाहावे. कॅबिनेटच्या मागे उभ्या रांगेतील पोर्ट मदरबोर्डचे असतात, खाली आडव्या पट्टीवर असतात ते कार्डचे. साफसफाईनंतर केबल चुकून वरच्या पोर्टला लागते आणि कार्ड 'गेले' असे वाटते. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यांत स्वतःचे ग्राफिक्स नसते. अशा मशीनवर वरच्या पोर्टमधून चित्र कधीच येणार नाही. त्यावरून मदरबोर्डला दोष देऊ नये.

चित्र येत असेल तर विंडोजमधील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले ॲडॉप्टर्स' पाहावे. येथेच अर्धा निकाल लागतो. कार्डचे नावच नसेल तर दोष बहुधा बसवण्यात, विजेत किंवा कार्डात आहे. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' असे लिहिलेले असेल तर विंडोजला ग्राफिक्सचे साधन दिसते आहे, फक्त ड्रायव्हर नाही. कार्डच्या नावापुढे पिवळी खूण आणि 'कोड ४३' असेल तर कार्डाने स्वतःच बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. हा बिघाड ड्रायव्हरचाही असू शकतो आणि चिपचाही, म्हणून आधी ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकावा.

ड्रायव्हरच्या बाबतीत छोट्या दुकानदारांची एक फसगत वारंवार होते. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही स्वस्त कार्डे अनेकांकडे आहेत. एनव्हिडियाने फर्मी पिढीच्या चिपचा आधार २०१८ मध्ये थांबवला, तर केप्लर पिढीची चिप २०२१ मध्ये मुख्य ड्रायव्हरमधून वगळली. केप्लरला ४७० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, फर्मीला ३९१.३५. गंमत अशी की जीटी ७३० याच नावाखाली दोन्ही पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. कारागीर सर्वांत नवा ड्रायव्हर उतरवून घेतो, इन्स्टॉलर 'योग्य हार्डवेअर सापडले नाही' म्हणतो आणि चांगले कार्ड भंगारात जाते. चिप कोणती हे 'जीपीयू-झेड' नावाचा मोफत प्रोग्राम सांगतो.

आता कॅबिनेट उघडण्याकडे वळू. मेन स्विच बंद करावा, वायर काढावी, मग सुरू करण्याचे बटन काही सेकंद दाबून ठेवावे म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच कार्डला हात घालावा. स्लॉटच्या टोकाला खटका असतो, तो सोडल्याशिवाय कार्ड ओढू नये. ओढाताणीत स्लॉट तुटला तर मग खरोखरच मदरबोर्ड बदलावा लागतो. पट्टी खोडरबराने हलक्या हाताने पुसावी, त्याचा भुगा झटकावा, शक्य असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावा. पाणी किंवा रॉकेल वापरू नये. बसवताना खटक्याचा आवाज यावा आणि पट्टीचा स्क्रू अवश्य कसावा. जड कार्ड स्क्रूशिवाय खाली झुकते आणि त्याची एक बाजू स्लॉटमधून उचलली जाते. कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या लांब स्लॉटमध्ये बसवावे. खालचा लांब स्लॉट काही मदरबोर्डांवर एनव्हीएमई डिस्क बसवताच बंद होतो.

त्यानंतर वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळा प्लग द्यावा लागतो: सहा पिनांचा ७५ वॅटचा, आठ पिनांचा १५० वॅटचा. तो लावायचे विसरले किंवा सैल राहिला तर कार्ड दिसत नाही, कधी पंखा मात्र फिरत राहतो. आठ पिनांचा एक प्लग प्रोसेसरसाठीही असतो, त्याची जोडणी वेगळी असते. तो जोर लावून कार्डात घालू नये. आमच्या मते कार्डापूर्वी एसएमपीएसवर संशय घ्यावा. स्वस्त एसएमपीएसच्या चिठ्ठीवरील वॅटच्या आकड्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. शेजारच्या दुकानातील चांगला एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणावा. त्याच वेळी आपले कार्ड त्यांच्या मशीनवर लावून पाहावे. या अदलाबदलीइतका स्पष्ट निकाल दुसरी कोणतीही तपासणी देत नाही.

जुन्या मशीनमध्ये आणखी एक जागा तपासावी. मदरबोर्डवर सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला की वीज जाताच बायॉसमधील सर्व सेटिंग मूळ स्थितीत जातात. घड्याळाची तारीख मागे पडणे ही त्याची ओळख. जुन्या कार्डाला 'सीएसएम' हे सेटिंग चालू लागते. ते बंद झाले तर कार्ड चांगले असूनही पडदा काळाच राहतो. सेल बदलून सेटिंग पुन्हा लावावे.

एवढे करूनही कार्ड कोठेच दिसले नाही तर ते गेले असे समजावे. पण खरेदीपूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्या कामाला ते लागतेच का? लग्नपत्रिका, लेटरहेड, कोरल ड्रॉ आणि इनपेजमधील उर्दू मजकूर हे सर्व प्रोसेसरच्या स्वतःच्या ग्राफिक्सवर व्यवस्थित होते. कार्ड लागते ते व्हिडिओ मिक्सिंगला.

जुने कार्ड घेणार असाल तर अधिक सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचे माइनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात उतरली. त्यांतील काहींचे बायॉस बदललेले असते, मग ड्रायव्हर ती स्वीकारत नाही. दुसरा प्रकार सरळ लबाडीचा: जुन्या फर्मी चिपवर नवे नाव चढवून जीटीएक्स १०५० म्हणून विकणे. जीपीयू-झेडमध्ये २०१८ पासून अशा कार्डापुढे 'फेक' अशी खूण येते. पेन ड्राइव्हवर हा प्रोग्राम सोबत न्यावा आणि कार्ड विक्रेत्याच्याच मशीनवर लावून, थोडा वेळ व्हिडिओ चालवून पाहावे, मगच पैसे मोजावेत.