घर विकताय? भेग सांगा, पुराची खूणही सांगा

महाड-पोलादपूर भागात जुने घर विकायला काढले की पहिला सल्ला मिळतो रंग मारून घेण्याचा. रंग जरूर मारा, पण त्याखाली काय आहे ते घेणाऱ्याला सांगून. २२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले, तळियेवर दरड कोसळली. अशा मुलखात भिंतीची ओल किंवा जोत्याची भेग किरकोळ आहे की नाही, हे विकणाऱ्याने एकट्याने ठरवू नये.

कायदा काय सांगतो?
विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि नेहमीच्या काळजीने पाहूनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे बंधनकारक आहे (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५). तो दडवणे ही फसवणूक ठरते. फुटलेले कौल उघड दिसते, ते सांगण्याची सक्ती नाही. मात्र भेग मुद्दाम बुजवून लपवली, तर करार कायद्यानुसार व्यवहार रद्द करून मागता येतो.

काय सांगाल?
- पुराचे पाणी कधी आले, जोत्यापासून किती फूट चढले
- पावसाळ्यात कुठे गळते, कुठे ओल धरते
- वाळवी, गंजलेल्या सळ्या, खचलेली जमीन
- घरामागच्या डोंगराला भेगा, स्थलांतराची नोटीस
- कोणती दुरुस्ती केव्हा केली, बिले आहेत का

सांगण्याचा खर्च
ही यादी साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडून दोघांनी सह्या केल्या की काम झाले. दुरुस्तीचा अंदाज दोन गवंड्यांकडून लेखी घ्या. भेग तुळईत किंवा खांबात असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मग तेवढी रक्कम किमतीतून वजा करा किंवा दुरुस्ती करून द्या.

समजा, घर २५ लाखांचे आणि गळतीचा खर्च ४० हजार. घासाघीस या ४० हजारांभोवतीच राहते.

किंमत उतरवताना एक ध्यानात ठेवा: मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागते. करारातली किंमत बाजारमूल्याच्या खाली गेली, तरी शुल्क बाजारमूल्यावरच भरावे लागेल.

न सांगण्याचा खर्च
पहिल्याच पावसात गळती उघडी पडते. मग वकिलाची फी, कोर्ट फी, तारखा आणि पैसे परत करण्याची टांगती तलवार. पुराचे पंचनामे सरकारदरबारी असतात, पाणी कुठवर आले ते शेजारीही सांगतात. लपवलेले फार दिवस लपत नाही.

घेणाऱ्यांसाठी
घर जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात पाहा. जागा निळ्या किंवा लाल पूररेषेत येते का, हे नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत विचारा. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत मिळतो. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार रुपये. इसार देण्याआधी दोषांची यादी लेखी मागा. ती द्यायला विकणारा कचरला, तर इसार देऊ नका.