डांगर रंगवा, पण गुरांना बाधणार नाही अशा रंगानं

घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत ओसरी सजवायला डांगराइतकी स्वस्त वस्तू आमच्या भागात दुसरी नाही. बाजार उठायच्या वेळेला एका अंगाला चपटं झालेलं, वाकडंतिकडं डांगर पडत्या भावात मिळतं आणि सजावटीला नेमकं तेच खुलून दिसतं. माझं माहेर न्हावऱ्याचं, सासर पाटसचं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या या दोन्हीकडच्या घरांत मी हल्ली पाहते, पुण्यातल्या मॉलमध्ये अमेरिकी सणाचे नारिंगी भोपळे बघून आलेली मुलं गावी डांगर रंगवायला मागतात. त्यात वावगं काहीच नाही. डांगर मुळात अमेरिका खंडातूनच आलेलं, आणि खंडेनवमीला यंत्रांपुढं कुंकू भरून कोहळा फोडणारे आपण या फळांना सणात मानाचं स्थान कधीपासून देत आलोय.

मला बोलायचंय ते रंगाबद्दल. एका दिवाळीत आमच्या आळीतल्या पोरांनी डांगरं ऑइलपेंटनं रंगवली. पेंट कुणाच्या तरी दारं-खिडक्यांना लावून उरलेला, डब्यावरचं लेबल केव्हाच निघालेलं. डांगरं झाली देखणी. तुळशीच्या लग्नापर्यंत ओसरीवर मिरवली, मग बुडाशी मऊ पडली आणि कुणीतरी उकिरड्यावर नेऊन टाकली. दिवेलागणीला आमची गाभण शेळी तिथं तोंड घालताना सापडली. ओठांना निळा रंग, दातांत पेंटचा पापुद्रा. रात्री पोट फुगलं, रवंथ थांबला. जनावरांचे डॉक्टर आले, नळी घालून त्यांनी पोटातला वायू काढला, औषध पाजलं. शेळी वाचली. पोट रंगानं फुगलं की कुजक्या डांगरानं, हे त्यांनाही ठामपणे सांगता येईना. पण रंगाचा डबा किती जुना, हे त्यांनी आवर्जून विचारलं.

त्यांनी ते का विचारलं, हे समजून घ्या. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम आपल्याकडं २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत शिसं किती असेल याला धरबंध नाही. शिसं पोटात गेलं तर गुरं आंधळी होतात, त्यांना झटके येतात. वासरांना त्याची बाधा लवकर होते. दुभत्या जनावराच्या दुधातही ते उतरतं. आमच्या दोन्ही तालुक्यांत घरटी गाय नाहीतर शेळी आहे. शहरातलं रंगवलेलं डांगर कचरागाडीत जात असेल. आमच्याकडं घराबाहेर पडलेली खाण्याची वस्तू कुठल्या ना कुठल्या दावणीला पोचतेच.

तेव्हापासून आमच्या घरी रंग लागतो तो गेरूचा. गेरू वस्त्रगाळ करायचा. बाभळीचा डिंक, जो आमच्या माळावर फुकट मिळतो, रात्रभर पाण्यात भिजवून गाळायचा आणि त्यात गेरू दाटसर कालवायचा. पांढऱ्यासाठी भिजवलेल्या तांदळाची बारीक वाटलेली पिठी, काळ्यासाठी लाकडी कोळशाची पूड, दोन्हींत तोच डिंक. हळद सुरेख दिसते, पण उन्हात चटकन उडते. ती आतल्या खोलीतल्या डांगराला ठेवा. बाजारातला चमकदार गुलाल आणि रांगोळीचे रंग मात्र नकोत, त्यांत काय कालवलंय ते आपल्याला दिसत नाही.

डांगराची साल तुळतुळीत, त्यामुळं रंग नुसता लावला की पापुद्र्यानं निघतो. कोमट पाण्यानं धुऊन, खरखरीत फडक्यानं घासून, सावलीत पूर्ण कोरडं झाल्यावरच हात लावा. पहिला हात पातळ, तो सुकल्यावर दुसरा. साल नखानं दबणार नाही इतकं पिकलेलं आणि चार बोटं देठ राखलेलं डांगरच निवडा. देठ मोडला की तिथूनच कुज धरते. खाली चुंबळ ठेवा, म्हणजे बुडाला वारा लागतो. आणि कृपा करून ते कोरू नका. थंड देशांत कोरलेला भोपळा काही दिवस तग धरतो. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्यावर लगेच चिलटं घोंघावतात आणि बुरशी येते. न कापलेलं डांगर महिनोन्महिने टिकतं. परतीच्या पावसात गेरू ओघळतो, म्हणून ते वळचणीच्या आत ठेवा.

पक्का रंगच हवा असेल तर त्यासाठी कडू भोपळ्याचा वाळका तुंबा घ्या. मिरजेच्या सतारीला आपल्याच भीमेच्या काठी, पंढरपूरकडं पिकणारा असाच भोपळा लागतो, इतकं त्याचं कवच टणक. तो वेलावरच पिकू द्यायचा, मग सावलीत आत बिया खुळखुळेपर्यंत वाळवायचा. वरची बुरशी घासून काढली की त्यावर ॲक्रिलिक रंग छान बसतो आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. तो वर्षानुवर्षं पुरतो.

गेरूचं डांगर दिवाळी सरली की धुऊन, सोलून केडगावच्या गुळात घारगे करावेत, आम्ही करतो. फक्त चिरल्यावर फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर टाकून द्या.

घरात ऑइलपेंटनं रंगवलेलं डांगर आधीच असेल, तर ते उकिरड्यावर किंवा ओढ्याकाठी टाकू नका. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत हातोहात द्या, आणि गाडी येईपर्यंत गोठ्यापासून लांब, झाकून ठेवा.