पुस्तक मिटून केलेला अभ्यास

ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पेपरात जे अडकतात, त्यांतले बरेच जण भरपूर अभ्यास करणारे असतात, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. त्यांनी पुस्तक तीन-चार वेळा वाचलेले असते, पानोपानी हायलायटर फिरवलेला असतो, परीक्षेच्या आदल्या रात्री जागरणही केलेले असते. तरी पेपर हातात आल्यावर "वाचलं होतं, पण आता आठवत नाही" अशी गत होते. मग घरचे, शिक्षक आणि शेवटी विद्यार्थी स्वतःही बुद्धीला किंवा आळसाला दोष देतात. खरा दोष पद्धतीत असतो. पान पुन्हा पुन्हा वाचले की ते ओळखीचे वाटू लागते आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान, असा समज होतो. पेपर मात्र कोऱ्या पानावर लिहायचा असतो. तिथे समोर काहीही नसताना आठवावे लागते. म्हणून नर्सिंगला नव्याने आलेल्यांना माझे सांगणे एवढेच आहे : ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा निम्म्याहून अधिक अभ्यास पुस्तक मिटून करा.

हे इतके आग्रहाने सांगण्याचे कारण म्हणजे हाताशी असलेला वेळ. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमानुसार बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्याच सेमिस्टरमध्ये ॲनाटॉमीला 60 आणि फिजिऑलॉजीला 60 तास आहेत. छत्रपती संभाजीनगरची नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या परीक्षेत दोन्ही विषयांचा मिळून एकच पेपर असतो : तीन तास, 75 गुण, त्यांत ॲनाटॉमीचे 37 आणि फिजिऑलॉजीचे 38. इंटर्नलचे 25 धरून शंभर, आणि उत्तीर्ण व्हायला 50 टक्के लागतात. जीएनएमला तर दोन्ही विषयांना मिळून 90 तास आहेत. एवढ्या तासांत पेशीपासून ज्ञानेंद्रियांपर्यंत सगळे शरीर उरकायचे, सोबत नर्सिंग फाउंडेशन, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि इंग्रजी. वर्गात शरीराची तोंडओळख होऊ शकते. ते पक्के करण्याचे काम हॉस्टेलच्या टेबलावरच होणार. तो थोडका वेळ निरुपयोगी पद्धतीत घालवणे कोणालाच परवडणारे नाही.

वारंवार वाचणे निरुपयोगी का, याचा पुरावा आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला; दुसरा उतारा एकदाच वाचला आणि मग न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता : त्यातले सुमारे 81 टक्के आठवले, दुसऱ्यातले 75. ज्यांची चाचणी आठवड्यानंतर घेतली, त्यांच्यात चित्र उलटले. दोनदा वाचलेल्या उताऱ्याचे 42 टक्के आठवले आणि न पाहता लिहिलेल्याचे 56 टक्के शिल्लक राहिले. या आकड्यांत आपल्या फसगतीचे मूळ आहे. पुन्हा वाचल्याचा फायदा लगेच जाणवतो म्हणून आपण त्यावर विश्वास टाकतो, आणि तोटा आठवड्याने कळतो, तोवर परीक्षा आलेली असते. 2013 मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने उजळणी करणे या दोनच पद्धतींना वरचे स्थान मिळाले. हायलायटर आणि पुनर्वाचन खालच्या रांगेत गेले.

इथे एक रास्त शंका निघते. परदेशी विद्यार्थी, साधे उतारे. त्याचा आपल्या विषयाशी काय संबंध? पण हाच परिणाम वैद्यकीय विषयातही दिसला आहे. लार्सन, बटलर आणि रोडिगर यांनी 2009 मध्ये बालरोग आणि आपत्कालीन विभागातील निवासी डॉक्टरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदू आणि मज्जासंस्थेशी संबंधित दोन आजार त्यांना शिकवले. एका आजारावर ठरावीक अंतराने चाचण्या दिल्या, दुसऱ्याची टिपणे तितक्याच वेळा वाचायला दिली. सहा महिन्यांहून अधिक काळ गेल्यावर चाचण्या दिलेल्या विषयात सरासरी 39 टक्के आणि वाचलेल्या विषयात 26 टक्के गुण पडले. रोज रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनाही नुसते वाचून टिकवता येत नसेल, तर बारावीतून नुकतेच आलेल्यांनी त्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

मग करायचे काय? नेफ्रॉन वाचला की पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आकृती काढा. भागांना नावे द्या, प्रत्येक भागात काय गाळले जाते आणि काय परत शोषले जाते ते लिहा. मग पुस्तक उघडून चुका लाल शाईने दुरुस्त करा. हीच आकृती दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर काढा. पहिल्या वेळी निम्मे येणार नाही आणि फार निराशा वाटेल. ती निराशा सोसा. आठवण्यासाठी जो ताण पडतो, त्यातूनच स्मरण पक्के होते. मनातल्या मनात "हे मला येतंय" म्हणणे ही चाचणी नव्हे; कागदावर उतरले किंवा मैत्रिणीला मोठ्याने सांगता आले, तरच ते आले. आणि दोन विषय दोन कप्प्यांत ठेवू नका. विद्यापीठाने पेपर एकच ठेवला आहे, शरीरही एकच आहे. रचना आठवली की लगेच "अशी का?" आणि "बिघडली तर काय?" हे दोन प्रश्न विचारा.

या दोन प्रश्नांनी कोरडी माहिती कशी जिवंत होते, ते पाहा. उजवी मुख्य श्वासनलिका डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक उभी असते, हे पुस्तकात एका ओळीत संपते. लहान मुलाने श्वासाबरोबर आत ओढलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे का जातो, हे त्याच ओळीत दडलेले असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि लघवी जेमतेम दीड लिटर होते, हे कळले की रुग्णाचा रक्तदाब उतरल्यावर युरिन बॅगेतील दर तासाचे माप का टिपायचे तेही कळते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जुलाब-उलट्यांचे रुग्ण येतात. लहान आतड्यात ग्लुकोज आपल्यासोबत सोडियम आत नेते आणि त्यामागे पाणी जाते. ओआरएसमध्ये साखर आणि मीठ दोन्ही का, याचे उत्तर हेच. याच तत्त्वाच्या बळावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. असे धागे जुळले की लक्षात ठेवण्याचे ओझे हलके होते.

यावर कोणी म्हणेल, बारा क्रेनियल नर्व्ह आणि मनगटाची आठ हाडे पाठ केल्याशिवाय कशी येतील? खरे आहे, नावे पाठच करावी लागतात. माझा आक्षेप पाठांतराला नाही, पुस्तक उघडे ठेवून केलेल्या पाठांतराला आहे. नावांसाठी चिठ्ठ्या करा, एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला काम लिहा, आणि उलटण्याआधी उत्तर द्या. मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण आणखी मोठी आहे. सिल्लोड, कन्नड, पैठणच्या शाळांतून आलेल्या मुला-मुलींना विषय आणि भाषा दोन्हींशी झुंजावे लागते आणि त्यातून इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी घोकण्याचा मोह होतो. त्यांना माझा सल्ला असा की आधी मराठीत समजून घ्या, एकमेकांना मराठीत समजावून सांगा, आणि मग तेच छोट्या, सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहिण्याचा सराव करा. घोकलेले वाक्य मध्येच एक शब्द विसरला की कोसळते. समजलेली गोष्ट मोडक्या इंग्रजीतही लिहिता येते.

सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद म्हणजे "आयएमपी प्रश्न केले की निघतो पेपर." जुने पेपर जरूर सोडवा; चाचणीसाठी त्यांच्याइतके चांगले साधन नाही. पण ते घड्याळ लावून, न पाहता सोडवा. गाईडमधली दहा उत्तरे पाठ करून 50 टक्के मिळाले तरी तिसऱ्या सेमिस्टरपासून फार्माकॉलॉजी आणि पॅथॉलॉजी याच पायावर उभी असतात. "वॉर्डात गेल्यावर आपोआप येईल" हेही खरे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या घाटी रुग्णालयात साऱ्या मराठवाड्यातून रुग्ण येतात. तिथल्या गर्दीत सिस्टरला शिकवायला किती सवड मिळणार? आणि काही चुकांना वॉर्डात दुसरी संधी नसते. नितंबावर इंजेक्शन देताना वरचा बाहेरचा चतुर्थांश सोडून सुई खाली किंवा आतल्या बाजूला गेली, तर सायटिक नर्व्हला इजा होऊन रुग्णाचे पाऊल कायमचे लुळे पडू शकते. ते ज्ञान सुई हातात घेण्याआधीच डोक्यात असायला हवे.

म्हणून परीक्षेची तारीख लागण्याची वाट पाहू नका. आजच्या लेक्चरचा भाग आजच एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि जे आठवेल ते लिहून काढा. कमी आठवले तर घाबरू नका, उद्या पुन्हा लिहा. पेपर तीन तासांत संपेल. पण ज्या शरीराबद्दल तो आहे, त्याची जबाबदारी तुमच्यावर नोकरीभर राहणार आहे, आणि तुमच्या रुग्णांना तुम्ही किती वेळा वाचलेत याच्याशी काही देणेघेणे नाही. त्यांना तुम्हाला वेळेवर किती आठवते, याच्याशी आहे.