समोर दाणे असताना कोंबडी माती का उकरते?

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही ठाणं सोडून राजापूर तालुक्यातल्या सासरच्या गावी कायमचे राहायला आलो. घरामागे तीन गुंठे परस आहे. चौदा गावठी कोंबड्या पाळल्या आणि मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वांगी लावली. सकाळी कोंबड्यांना पोटभर कणी आणि भिजवलेला कोंडा घालते. तरी त्या खाणं अर्धवट टाकून वाफ्यात शिरतात आणि रोपं मुळासकट उपटून ठेवतात. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या वेळी कोंबड्या दिवसभर परसात मोकळ्या असत आणि भाजीही घरचीच असे. ते कसं जमत होतं? आणि पोट भरलेलं असताना कोंबडी माती उकरतेच का?
– एक वाचिका, राजापूर तालुका

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ. त्याचं उत्तर हाती आलं की आजेसासूबाईंचं परसही उलगडतं.

भूक आणि उकरणं या कोंबडीच्या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिली भागली म्हणून दुसरी भागत नाही. ऑक्सफर्डच्या मॅरियन स्टॅम्प डॉकिन्स यांनी सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात मोकळ्या फिरणाऱ्या लाल रानकोंबड्यांची दिनचर्या मिनिटामिनिटाने टिपली आणि १९८९ साली प्रसिद्ध केली. या पक्ष्यांना नियमित खाणं मिळत होतं. तरीही दिवसाच्या वावरातल्या सुमारे ६० टक्के मिनिटांत ते जमिनीवर चोच मारताना दिसले आणि सुमारे ३४ टक्के मिनिटांत पायाने माती उकरताना. आपल्या सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष हाच लाल रानकोंबडा.

पुढे स्वीडनमधल्या संशोधकांनी रानकोंबड्या आणि व्हाइट लेगहॉर्न यांची तुलना केली. एका भांड्यात नुसतं खाद्य ठेवलं, दुसऱ्यात तेच खाद्य लाकडाच्या भुशात मिसळून ठेवलं. आयतं खाद्य समोर असतानाही पक्षी भुशातलं शोधून खात होते, आणि रानकोंबड्या लेगहॉर्नपेक्षा जास्त. अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या लेगहॉर्नमध्ये ही ओढ कमी झाली आहे. तुमच्या गावठी कोंबड्यांमध्ये ती शाबूत आहे, आणि तिच्याच जोरावर त्या बांधावरच्या किड्यामुंग्यांवर जगू शकतात. त्यांचं हे वागणं खोडी समजू नका, एवढी माझी पहिली विनंती.

आयतं सोडून कष्टाचं का खावं? संशोधकांचं म्हणणं असं की उकरताना कोंबडी खाण्याबरोबर माहितीही गोळा करते. रानात आज एका झाडाखाली पडलेलं बी उद्या संपतं. पातेऱ्याखाली वाळवी कुठे आहे, ओल कुठे धरली आहे, हे ज्या पक्ष्याला आधीपासून ठाऊक असतं तो उपाशी राहत नाही. सह्याद्रीत आपल्याकडे राखी रानकोंबडा असतो. त्याचीही रीत हीच : झाडीच्या कडेला येऊन पातेरा उलथायचा आणि खालचं वेचायचं. हा आपला राखी रानकोंबडाही पाळीव कोंबडीचा नातलग निघाला. पाळीव कोंबडीच्या कातडीला आणि पायांना पिवळा रंग देणारा जनुक लाल रानकोंबड्याकडून न येता राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली सिद्ध झालं. तुमच्या कळपात पिवळ्या पायांची कोंबडी असेल, तर तिच्या रक्तात दक्षिण भारतातल्या डोंगरांचा हा वाटा आहे.

आता कोंबडी उकरते कशी ते एकदा निवांत बघा. एका पायाने माती मागे फेकते, मग दुसऱ्याने, लगेच पाऊलभर मागे सरते आणि उघड्या पडलेल्या जागेत निरखून बघते. हे कुणी शिकवावं लागत नाही. यंत्रात उबवलेलं, आई न पाहिलेलं पिलूही काही दिवसांत उकरायला लागतं. आई शिकवते ती एकच गोष्ट : उकरून निघालेल्यातलं खायचं काय. त्यासाठी ती एक ठरावीक कुटकुट करते, दाणा उचलते, पुन्हा खाली टाकते, आणि पिलं धावत येतात.

या उकरण्यातून तिला आणखी दोन गोष्टी मिळतात. कोंबडीला दात नाहीत. दाणा दळला जातो जाड स्नायूच्या पोटात, आणि त्यासाठी तिला बारीक खडे गिळावे लागतात. दुसरी गोष्ट कॅल्शियम. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. कणीत आणि कोंड्यात ते अगदी कमी असतं. म्हणून अंड्यावर आलेली कोंबडी मातीत चुनखडीचा कण, गोगलगाईचं कवच, काहीही शोधत राहते. तुम्ही समुद्राजवळच्या तालुक्यात आहात. शिंपल्या आणून भाजा, ठेचून बारीक करा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. खाद्यात मिसळू नका. कोणत्या कोंबडीला किती हवं ते तीच ठरवते. उकरणं याने थांबणार नाही, पण पातळ कवचाची अंडी येत असतील तर ती थांबतील.

मग त्यांना खुराड्यातच ठेवलं तर? हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी दिला असेलच. तो ऐकू नका. उकरायला जमीन मिळाली नाही की कोंबडीची चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. दाटीवाटीत ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, पाठ उघडी पडते, रक्त येतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात. याच्यामागे पुष्कळदा हीच अडवलेली उकरण असते. मातीत लोळणं हीसुद्धा चैन नव्हे. पिसांवरचं जुनं तेल निघून जायला आणि पिसवा-गोचिडांचा त्रास आटोक्यात ठेवायला कोरडी माती लागते. पावसाळ्यात पडवीच्या कडेला राख मिसळलेली कोरडी माती ठेवली तर कोंबड्या आपणहून तिथे जाऊन बसतात.

आता आजेसासूबाईंचं परस. त्यांच्या कोंबड्या जास्त शहाण्या होत्या असं नाही. त्यांच्या परसात कोंबडीच्या पायाखाली येईल असं फारसं काही लावलेलंच नसायचं. कोकणातली पावसाळी भाजी आठवून बघा : पडवळ, दोडकं, कारलं, काकडी, भोपळा. सगळे वेल, सगळे मांडवावर किंवा गोठ्याच्या छपरावर. बी रुजून वेल हातभर वर जाईपर्यंत त्याच्या बुडाला काटेरी फांद्या नाहीतर एखादं फुटकं डालगं उपडं घातलेलं असे. एकदा वेल मांडवावर गेला की खाली कोंबड्यांनी दिवसभर उकरावं. तण खावं, किडे वेचावेत, शिट टाकावी. बाकीची झाडं म्हणजे केळी, शेवगा, पपई, सुरण, हळद आणि सांडपाण्यावरचं अळू. कच्च्या अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे कोंबडी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. केळीचा गड्डा उकरून उकरून ती किती उकरणार?

पालेभाजी होती, पण ती हिवाळ्यात. भात कापून झालं की मुळा, माठ, मेथी यांचे वाफे घातले जात, बहुधा विहिरीजवळ, आणि त्यांना सगळीकडून वई घातलेली असे. ती वई गुरांसाठी जितकी होती तितकीच कोंबड्यांसाठीही. शिवाय तेव्हा कोंबड्यांना उकरायला दुसऱ्या जागा भरपूर होत्या. उकिरडा होता, गोठा होता, मळणीनंतरचं खळं होतं. शेणातले न पचलेले दाणे, उकिरड्यातल्या अळ्या, खळ्यात सांडलेलं भात, एवढं सोडून त्या मेथीत कशाला येतील? तुमच्याकडे गुरं आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसावीत असा माझा अंदाज आहे. म्हणजे आज परसातली सगळ्यांत भुसभुशीत, ओलसर, किड्यांनी भरलेली जमीन कोणती, तर तुमचा नुकताच खणलेला वाफा. कोंबडीला याहून स्पष्ट आमंत्रण नसतं.

तेव्हा दोन कामं करा. एक, वाफे बंद करा. दोन, वाफ्यापेक्षा सरस अशी उकरायची जागा त्यांना द्या. दुसरं काम केलं नाही तर पहिलं टिकत नाही.

वाफ्यांसाठी जुनं मासेमारीचं जाळं उत्तम. साखरी नाट्याच्या बाजूला किंवा कुठल्याही बंदरात ते स्वस्तात मिळतं. उंची पाच फूट ठेवा. गावठी कोंबडी एवढं सहज उडते, पण उडण्याआधी ती बसायला जागा बघते. म्हणून वरच्या कडेला बांबू आडवा बांधू नका. जाळं वर सैल सोडा. खालची कडा मात्र ताणून वीतभर मातीत गाडा. सैल जाळ्यात पिलं अडकतात आणि धामणही अडकून मरते. तुमच्या कणीच्या पोत्याकडे येणारे उंदीर तीच आटोक्यात ठेवते, तिला जपा.

उकरायच्या जागेसाठी फणसाखाली किंवा आंब्याखाली दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखा. कडेला नारळाचे ओंडके टाका आणि आत गुडघाभर पातेरा, भाताचं तूस, गवत, स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकत राहा. सकाळच्या खाण्यातली मूठभर कणी भांड्यात न घालता या पातेऱ्यात भिरकवा. वर सांगितलेल्या स्वीडिश प्रयोगाचा हा घरगुती उपयोग. कोंबड्या दिवसभर तो ढीग वरखाली करतील. कंपोस्ट उलथायचं जे काम आपल्याला फावड्याने करावं लागतं ते त्या करतात, आणि चार-पाच महिन्यांत खालच्या थराला काळं, मोकळं खत तयार होतं.

या खताबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण चूक इथे महागात पडते. कोंबडीला वेगळी लघवी नसते. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. त्यामुळे कोंबडीखतात शेणापेक्षा दोन-तीन पटींनी जास्त नत्र असतं. ताजं खत रोपाच्या बुडाशी घातलं की अमोनियाने मुळं करपतात. रात्री कोंबड्या ज्या दांड्यावर बसतात त्याखाली तुसाचा जाड थर ठेवा; रात्रीची शिट त्यात मुरते, वासही येत नाही. तो थर काढून पातेऱ्याच्या ढिगात टाका आणि कुजल्यावरच वाफ्यात घाला. यात आरोग्याचाही प्रश्न आहे. ताज्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. ज्या वाफ्यात ताजी शिट पडली तिथे मुळा, कोथिंबीर अशी कच्ची खाल्ली जाणारी भाजी पुढचे चार महिने घेऊ नका. वांगी लावा.

रिकाम्या वाफ्यात कोंबड्या सोडायला हरकत नाही, उलट सोडाव्यातच. मुळा उपटून झाला की आठवडाभर तो वाफा त्यांना द्या. तणाचं बी, हुमणी, कोष सगळं साफ होतं. आठवड्यापेक्षा जास्त नको, कारण मग गांडुळंही संपतात.

वेळेचाही उपयोग करून घ्या. बहुतेक अंडी दुपारच्या आत घातली जातात. तोवर कोंबड्या खुराडं आणि पातेऱ्याच्या चौकोनात राहिल्या तर अंडी झुडपांत शोधत फिरावं लागत नाही. चारच्या सुमारास सगळं परस मोकळं करा. अंधार पडायला लागला की त्या हाक न मारता परत येतात. मोजा आणि दार लावा; रानमांजर रात्रीच हात मारतं. या दोन तासांच्या चरण्यात हिरवा पाला पोटात जातो, आणि बलकाचा गडद रंग त्यातूनच येतो. तो रंगद्रव्याचा खेळ आहे, प्रथिनं त्याने वाढत नाहीत. तरी हिरवा पाला खाणारी कोंबडी तब्येतीने चांगली राहते हे खरं.

एक गोष्ट पत्रात नाही, म्हणून विचारतो : मानमोडीची लस दिली आहे का? ही साथ आली की मोकळ्या कोंबड्यांचा अख्खा कळप आठवडाभरात जातो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस मिळते. पिलांना पहिल्या आठवड्यात आणि नंतर मोठी झाल्यावर ती ठरावीक वेळांना द्यावी लागते. गावात शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी लस दिली तर जास्त बरं.

राहिली संख्या. तीन गुंठ्यांतून वाफे, मांडव, झाडांची आळी, विहीर आणि वाट वजा केली की कोंबड्यांच्या वाट्याला फार तर दीड गुंठा येतो. चौदा कोंबड्या एवढी जमीन वर्षभरात उघडीबोडकी करतील, आणि राजापूरच्या पावसात उघडी माती वाहून जायला एक जूनही पुरतो. सात कोंबड्या आणि एक कोंबडा यावर या. घरी उबवलेल्या पिलांत साधारण निम्मे नर निघतात, तेव्हा कमी करायचे ते आधी नर. ते आषाढ अमावास्येच्या आधी विका; गावठी कोंबड्याला कोकणात तेव्हा चांगला दर मिळतो.