समुद्र सारख्या गतीने चढत नाही

चंद्र-सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राला भरती-ओहोटी येते, हे तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले आहे. ओहोटी पूर्ण झाल्यापासून सुमारे सहा तासांनी पूर्ण भरती येते, हेही तुम्हांला ठाऊक आहे. आता एक प्रश्न. ह्या सहा तासांत पाणी दर तासाला सारखेच चढते का?

अठरा वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवूनही हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तो मला एका नावेने विचारायला लावला. ती हकीकत आज सांगतो.

माझी बहीण न्यूझीलंडमध्ये राहते. जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, मी तिच्याकडे गेलो होतो. माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याने हट्ट धरला, “मामा, आपण तीन दिवस कयाकमधून समुद्रात हिंडू आणि रात्री किनाऱ्यावर तंबूत राहू.” जागा ठरली आबेल टास्मान राष्ट्रीय उद्यान. हे उद्यान न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला आहे. आबेल टास्मान हा डच दर्यावर्दी १६४२ साली ह्या किनाऱ्याजवळ आला होता. त्याला ३०० वर्षे झाली तेव्हा, १९४२ साली, त्याच्या नावाने हे उद्यान सुरू झाले. सोनेरी वाळूच्या लहान लहान पुळणी, मागे दाट रान आणि समोर निळे पाणी असा तो किनारा आहे.

कयाक म्हणजे लांब, अरुंद आणि वरून बंद असलेली होडी. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकारी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. आमची कयाक दोघांची, प्लॅस्टिकची होती. तिच्यात बसणारा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे आलटून पालटून डावी-उजवीकडे मारतो. वल्ह्याने पाणी मागे ढकलले की पाणी होडीला पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. पाण्याचे डबे, तांदूळ, भांडी असे जड सामान तळाशी आणि मध्यभागी ठेवायचे, म्हणजे गुरुत्वमध्य खाली राहतो व होडी सहजासहजी कलंडत नाही. हे सारे मी भाच्याला मोठ्या रुबाबात समजावून दिले.

मात्र जड सामानाचा एक तोटा असतो. भरलेली कयाक दोघांना उचलत नाही.

पहिला मुक्काम

माराहाउ गावाहून निघून आम्ही दुपारी साडेचारला अँकरेज नावाच्या पुळणीवर पोहोचलो. नेमकी तेव्हाच पूर्ण ओहोटी होती. आदल्या दिवशी पौर्णिमा झालेली, म्हणजे दिवस उधाणाचे. कोष्टकाप्रमाणे त्या दिवशी पाणी सुमारे ४ मीटर चढणार होते. हात दुखत होते. आम्ही कयाक पाण्यापासून ३५ मीटर वर ओढली, तंबू आणि रात्रीचे जेवण तेवढे काढले, आणि उरलेले सामान तिच्यातच ठेवले.

एका तासाने, साडेपाचला, भाच्याने पावलांनी मोजून पाहिले. पाणी फक्त ५ मीटर पुढे आले होते.

“मामा, तासाला ५ मीटर. ३५ मीटरांना सात तास लागतील. त्याआधीच भरती संपेल.”

“बरोबर,” मी म्हणालो. गणित चोख होते. आम्ही निर्धास्तपणे टेकडीपलीकडच्या ते पुकातेआ नावाच्या पुळणीवर फिरायला गेलो.

आठ वाजायला आले तेव्हा परतलो. तिकडे उन्हाळ्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, म्हणून वरूनच दिसले. आमच्या कयाकचे मागचे टोक पाण्यावर डोलत होते! पुढचे टोक अजून वाळूत होते, एवढेच. त्या कयाकमध्ये पुढच्या दोन दिवसांचे अन्न, पिण्याचे पाणी आणि कोरडे कपडे होते. आम्ही धावत सुटलो. शेजारच्या तंबूतली दोन माणसेही धावली. चौघांनी मिळून ती उचलली व झाडांपर्यंत नेऊन बांधली. आणखी दहा मिनिटे उशीर झाला असता, तर ती लाटांबरोबर निघून गेली असती.

चूक कोठे झाली?

भाच्याचा गुणाकार चुकला नव्हता. आमचे गृहीतक चुकले होते. पहिल्या तासात जे घडले तेच पुढच्या प्रत्येक तासात घडेल, असे आम्ही धरून चाललो होतो.

भिंतीजवळ एक चाक फिरते आहे आणि त्याच्या कडेला एक खिळा आहे, अशी कल्पना करा. बाजूने प्रकाश टाकला तर खिळ्याची सावली भिंतीवर वर-खाली सरकते. चाक सारख्या वेगाने फिरत असले तरी सावली टोकांजवळ रेंगाळते व मध्यावर जोरात धावते. हीच सरल हरात्मक गती. समुद्राची पातळी बऱ्याच ठिकाणी जवळजवळ अशीच चढते-उतरते. चाकाचा अर्धा फेरा सहा तासांत होतो, म्हणजे दर तासाला ३० अंश.

दर्यावर्दी लोक ह्यासाठी एक सोपा नियम वापरतात. एकूण चढाचे बारा भाग करा. सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढते. कोज्येचे कोष्टक घेऊन ताळा पाहा. पहिल्या तासाचा चढ (१ – कोज्या ३०°) ÷ २ = ०·०६७, आणि बारावा भाग म्हणजे ०·०८३. तिसऱ्या तासाचा चढ (कोज्या ६०° – कोज्या ९०°) ÷ २ = ०·२५, आणि तीन बारांश म्हणजेही ०·२५. किनाऱ्यावरच्या हिशेबाला एवढा मेळ पुरेसा आहे.

आता आमची पुळण घ्या. तिचा उतार अंदाजे १५ मीटरांना १ मीटर. म्हणजे पाणी १ मीटर चढले की १५ मीटर पुढे येते. एकूण चढ ४ मीटर, म्हणून पाणी ६० मीटर पुढे येणार. बारा भाग केले तर एक भाग ५ मीटरांचा. ओहोटीच्या जागेपासून पाणी तासागणिक ५, १५, ३०, ४५, ५५ आणि ६० मीटरांवर पोहोचणार. ३५ मीटरांवर ते केव्हा येईल? तीन तास वीस मिनिटांनी, म्हणजे सात वाजून पन्नास मिनिटांनी. कयाक डोलताना दिसली ती हीच वेळ!

ह्याहूनही सोपा पुरावा आमच्या पायांखाली होता. वाळूवर समुद्रशेवाळ आणि शिंपल्यांची एक ओळ होती. मागच्या भरतीचे पाणी कोठवर आले होते ते ती सांगत होती. आम्ही कयाक त्या ओळीच्या खाली ठेवली होती.

आपला किनारा

कोकणातल्या जाणत्या माणसांना भरतीची वेळ तोंडी काढता येते. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला ५ × ३/४ = ३ ३/४, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. त्यामुळे हा हिशेब स्थूलमानाने जमतो. न्यूझीलंडमध्ये चंद्र आपल्याला उलटा दिसतो, पण रोजचा हा उशीर तेथेही तेवढाच असतो. पूर्ण भरतीची वेळ मात्र प्रत्येक बंदराची वेगळी, कारण ती किनाऱ्याच्या व तळाच्या आकारावरही अवलंबून असते. म्हणून परक्या किनाऱ्यावर तेथलेच कोष्टक पाहावे.

बारा भागांचा नियमही सर्वत्र लागू पडत नाही. खाड्यांच्या आत पाणी निराळ्या तऱ्हेने चढते. काही किनाऱ्यांवर तर दिवसातून एकच भरती येते.

समुद्राजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांबरोबर हा प्रयोग करावा. ओहोटीच्या वेळी पुळणीवर खुणांच्या काठ्या रोवा आणि दर अर्ध्या तासाने पाण्याची जागा लिहून आलेख काढा. तो सरळ रेषा येतो की वक्र, ते पाहा. एक सूचना पाळा. काठी रोवून झाली की पाण्याच्या वरच्या बाजूला उभे राहा.

दुसऱ्या दिवशी बार्क बे येथे मुक्काम होता. कयाक शेवाळाच्या ओळीच्या वर नेऊन भाच्याने ती झाडाला दोन गाठी मारून बांधली आणि वाळूवर बोटाने आकडे लिहिले : १, २, ३, ३, २, १. मग म्हणाला, “मामा, आता फिरायला जाऊ या.”